दुःखाच्या गोष्टीतला कल्पित सोबती: लिहिताना काय काय बघता?

घरातलं माणूस गेल्यावर कथेतलं पात्र मनातल्या मनात एक सोबती उभा करतं. तो कसा उभा करायचा आणि कुठे फसतो, हे ठाणे-नवी मुंबईतल्या लिहित्या मंडळींनी इथे सांगावं. तपशील जितका नेमका तितका उपयोगाचा.

कथालेखिका, नेरुळ

तो कधी येणार ते आधी ठरवा. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. पाहुणे, गुरुजी, शेजारच्यांचे डबे. त्या गर्दीत सोबत्याला काम नसतं. सगळे आपापल्या गावी परतले, भाड्याच्या सतरंज्या गेल्या, की त्याला जागा होते. पाच हजार शब्दांची कथा असेल तर पहिल्या हजारात तो यायलाच हवा, नाहीतर वाचकाला तो ऐनवेळी चिकटवलेला वाटतो.

मग नियम. दुःखातल्या माणसाला जे ठाऊक नाही, ते सोबत्यालाही ठाऊक नसतं. हरवलेली विम्याची पॉलिसी कुठल्या कपाटात आहे हे त्याने सांगितलं, की गोष्ट भुताची झाली. तो वस्तूही हलवत नाही. त्याच्यासाठी ओतलेला चहा गार होतो, त्यावर साय धरते आणि तो कप कुणाला तरी विसळावा लागतो. तो कोण विसळतं, सून की मुलगा, आणि विसळताना काही विचारतं का, यात खरी कथा असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबती गेलेल्या माणसाची नक्कल नको. नवरा गेलेल्या बाईसमोर पुन्हा नवराच बसवला, तर दोघांना सगळं आधीच माहीत असतं आणि संवाद जागच्या जागी फिरतो. त्याऐवजी ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळ्याला चढणारी, नवऱ्याला कधीच न भेटलेली एखादी बाई घ्या. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगताना काय गाळलं जातं ते वाचकाला दिसतं, आणि दुःखाचा आकार तिथेच कळतो.

दिवाळी अंकासाठी कथा निवडणारे, ठाणे

कथा परत जातात त्या बहुतेक दोन कारणांनी. एक, ‘तो मुळात नव्हताच’ हा शेवटच्या ओळीतला धक्का. वाचक तिसऱ्या पानावर ओळखतो आणि उरलेली पानं लेखकाच्या पुढे चालतो. पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. दोन, सोबती प्रवचन देतो. त्याला चुकू द्या, हट्ट करू द्या, भलत्या वेळी भूक लागू द्या.

एकांकिका बसवणारा, ठाणे पूर्व

निळा प्रकाश आणि धूर काढून टाका. सोबत्याचा प्रकाश बाकीच्यांसारखाच हवा, कारण त्या पात्राला तो तसाच दिसतो. पहिल्या तालमी सोबत्याच्या नटाशिवाय, रिकाम्या खुर्चीशी बोलत करा. प्रश्नानंतरचे विराम त्यातच सापडतात. नट पहिल्या दिवसापासून असला तर तो ते विराम उत्तरांनी भरून टाकतो. इतर पात्रं त्याच्या अंगावरून जात नाहीत, पण वळसाही घालत नाहीत. त्यासाठी खुर्ची वाटेतून बाजूला, भिंतीलगत ठेवावी.

एडवर्ड अल्बीच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (१९६२) या नाटकात निपुत्रिक जोडप्याने एक मुलगा कल्पनेत वाढवलेला असतो. पाहुण्यांपुढे त्याचा विषय काढू नको, असं नवरा दार उघडण्याआधीच बजावतो. नियम इतक्या लवकर मांडल्यामुळेच तो मोडल्यावर शेवटी मुलाचा ‘मृत्यू’ अटळ वाटतो.

समुपदेशक, वाशी

गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागणं दुर्मीळ नाही. ड्युई रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये जे छापलं, त्यात जवळजवळ निम्म्यांनी असा अनुभव सांगितला होता. चाहूल आपसूक लागते, सोबती मात्र माणूस स्वतः रचतो आणि तसं त्याला माहीत असतं. हा फरक कथेत स्पष्ट ठेवा. दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरच्या तोंडी ‘हा आजार’ असं वाक्य घालू नका. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्रदीर्घ शोकाचं निदान प्रौढांमध्ये १२ महिन्यांनंतर आणि मुलांमध्ये ६ महिन्यांनंतरच करता येतं. पण सोबती हुकूम सोडू लागला किंवा ‘माझ्याबरोबर चल’ म्हणाला, तर तिथे घरच्यांनी मदत मागितलेली दाखवा. तो प्रसंग सुंदर करू नये, ही कळकळीची विनंती.

बालकथा लिहिणारी, ऐरोली

पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे पुरतं कळलेलं नसतं. म्हणून त्याच्या सोबत्याचे प्रश्न साधे ठेवा: आजोबा चष्मा इथेच विसरले, मग तिकडे पेपर कसा वाचतील? उत्तर मोठ्यांपैकी कुणाला तरी देता आलं नाही, तरी चालतं.

कथालेखिका, नेरुळ

जाण्याबद्दल राहिलंच. हात हलवून निरोप नको. भेटींमधलं अंतर वाढवत न्या: आधी रोज, मग आठवड्याने, मग फक्त सणाला. प्रत्येक भेट आधीच्यापेक्षा आखूड. शेवटची भेट लिहिताना ती शेवटची आहे हे पात्राला कळू देऊ नका. पुढच्या प्रसंगात चहा एकाच कपाचा टाका आणि त्यावर एक शब्दही लिहू नका.