चावीचा सेल्फ धरत नाही: पुश बटण आणि लपवलेला चोर स्विच बसवायचाय, वायर नेमकी कुठे तोडायची?

दहाचाकी

नमस्कार मंडळी. दहा चाकी ट्रक आहे, २४ व्होल्ट, जुन्या पद्धतीचा इनलाइन डिझेल पंप. कॉमन रेल (नवीन गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा) नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही. दोन महिने झाले, सेल्फने (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरने) जीव खाल्लाय. चावी पूर्ण फिरवली तरी नुसतं टक् होतं, कधी तेही नाही. चार-पाच वेळा मागे-पुढे केली की मग एकदम घेतो. दोन्ही बॅटऱ्या लोडवर तपासून झाल्या, ठणठणीत आहेत. सेल्फ खाली उतरवून ब्रश आणि बुशही बघून घेतले. शेवटी चावीच्या मागच्या ३० (बॅटरीचा सप्लाय) आणि ५० (सेल्फला जाणारी वायर) नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने टेकवून पाहिल्या, तर पहिल्या झटक्यात फिरला. म्हणजे दोष चावीच्या स्विचमध्येच आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागलीय मनाला. मागच्या आठवड्यात गाडी उभी करून अर्धा तास बाजूला गेलो. परत आलो तर स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उचकटलेलं आणि वायरी बाहेर लोंबतायत. कुणाची तरी चाहूल लागून पळाला असावा. गाडीवर घर चालतं माझं. त्या दिवसापासून नीट झोप नाही.

तर विचार असा आहे की सेल्फला पुश बटण लावायचं आणि कुठेतरी लपवून चोर स्विच, म्हणजे तो लावल्याशिवाय चोराला गाडी नेता येणार नाही. बटण सरळ ३० आणि ५० च्या मध्ये टाकलं तर चालेल का? आणि चोर स्विच कशावर घ्यावा? एक सोबती म्हणतो पंपाच्या सोलेनॉइडच्या (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याच्या) वायरवर घे, चोर गाडी काढेल आणि थोडं पुढे जाऊन बंद पडेल. हातात पाना-पकड आहे, टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर वापरता येतो. सविस्तर सांगा.

तांब्याची_तार

दादा, गाड्यांची वायरिंग हेच माझं काम आहे, म्हणून आधी सोबत्याच्या सल्ल्याबद्दल बोलतो. तो सल्ला डोक्यातून काढून टाका. बाकी सगळं नंतर.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका गाडीला पंपाच्या वायरवर चोर स्विच घेऊन दिला होता. मालकाला तसाच हवा होता. स्विच चांगला होता, जोडही मला चांगला वाटला होता. पाचेक महिन्यांनी भरलेली गाडी उतारावर असताना तो जोड हलला आणि पंपाचा सोलेनॉइड सुटला. इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा पंप बंद, आणि भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग त्या क्षणी दगडासारखं होतं. एअर ब्रेकच्या टाक्यांत हवा शिल्लक असते, म्हणून ब्रेक लगेच जात नाहीत. पण कॉम्प्रेसर थांबलेला असतो, प्रत्येक दाबाला हवा कमी होते आणि खूपच कमी झाली की स्प्रिंग ब्रेक आपणहून आवळतात, तेही तुम्ही म्हणाल तिथे नाही. ड्रायव्हर जाणता होता, पहिल्याच दाबात गाडी कडेला घेऊन थांबवली. वायर मी नंतर हातात घेऊन पाहिली. टेपखाली तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या आणि सात-आठच धागे शिल्लक होते. ती वायर अजून डोळ्यांसमोर येते.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: चोर स्विचने गाडी सुरू होणं अडवावं, चालती गाडी कधीही बंद पाडू नये. तो सेल्फच्या सिग्नलवर घ्या. तिथला जोड रस्त्यात सुटला तरी इंजिनाला पत्ताही लागत नाही, फार तर पुढच्या वेळी सेल्फ लागणार नाही. शिवाय चोर गाडी हलवून भर रस्त्यात बंद पडला तर मागून येणाऱ्याचं काय, हाही विचार करा.

आता बटण. ३० आणि ५० च्या मध्ये थेट टाकू नका. सेल्फवरचा सोलेनॉइड (पंपाचा नव्हे) प्लंजर, म्हणजे आतला दांडा, खेचतो त्या क्षणी बराच करंट ओढतो आणि तो सगळा चावीच्या त्या एवढ्याशा कॉन्टॅक्टमधून जातो. तुमची चावी उघडून पाहा, आतली पितळी पट्टी काळी पडून खड्डे पडलेले दिसतील. बटण थेट लावलंत तर तेही याच वाटेने जाईल. मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) घ्या, म्हणजे बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, एक अँपिअरच्याही बराच खाली.

रिले २४ व्होल्टचाच. बारा व्होल्टचा लावला तर कॉइल तापून जळतो. साधा छोटा चौकोनी रिले नको, २४ व्होल्टवर त्याचे कॉन्टॅक्ट बहुधा २० अँपिअरचेच असतात. जाड बोल्टवाला स्टार्ट रिले घ्या.

जोडणी अशी करा. बटणाचा सप्लाय ३० वरून घेऊ नका, १५ वरून घ्या, म्हणजे चावी ऑन असल्याशिवाय बटण मेलेलं. १५ वरून निघालात की लगेच ५ अँपिअरचा फ्यूज, मग चोर स्विच, मग बटण, तिथून रिलेची ८६. रिलेची ८५ अर्थला, म्हणजे बॉडीला. ८५ आणि ८६ या रिलेच्या कॉइलच्या पिना. न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच असेल तर तो याच ओळीत राहू द्या, बायपास करू नका. रिलेच्या ३० ला बॅटरीचा जाड सप्लाय, तोही बॅटरीजवळ फ्यूज घालून, आणि ८७ वरून सेल्फच्या सोलेनॉइडच्या ५० ला. ८५ आणि ८६ मध्ये एक १एन४००७ डायोड टाका, पांढरी पट्टी ८६ कडे. बटण सोडलं की कॉइल उलटा झटका मारतो आणि त्यानेच बटणाचे कॉन्टॅक्ट खातात.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक विसरतात. चावीकडून सेल्फला जाणारी जुनी ५० ची वायर दोन्ही टोकांना काढा. ती तशीच राहिली तर परवा ज्याने कव्हर उचकटलं तो तुम्ही टेकवल्यात तशाच दोन वायरी टेकवेल आणि तुमचं बटण, स्विच, सगळी मेहनत बाजूला राहील.

बटण दाबलं की लागणारं आणि सोडलं की सुटणारंच घ्या. दाबून अडकून राहणारं नको. तसं बटण लागलेलं राहिलं तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ गुंतून राहतो.

चावीचा बॅरल काढू नका. स्टिअरिंग लॉक त्यातच असतो, त्याच्याशी खेळायचं नाही. चावी ऑन-ऑफपुरती राहू द्या.

निळी_केबिन

एवढं सगळं करण्यापेक्षा बॅटरीचा मेन कट-ऑफ सीटखाली लपवून बसवला तर? मी तसाच केलाय. फिरवला की सगळी गाडी मेलेली. माझी गाडी नवीन आहे, कॉमन रेलवाली.

तांब्याची_तार

निळी_केबिन, मेन कट-ऑफ वाईट नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. इंजिन चालू असताना तो चुकूनही फिरवायचा नाही. चालत्या अल्टरनेटरवरून बॅटरी तुटली की व्होल्टेज उसळतं, आणि डायोड, रेग्युलेटर, कधी ईसीयूसुद्धा जातो. लपवलेला स्विच असेल तर पायाने किंवा पान्याच्या पेटीने तो फिरू शकतो का, हे बघून घ्या.

दुसरं, तुमची गाडी नवीन आहे. चावी बंद केल्यावरही ईसीयू काही वेळ जागा असतो, आपल्या नोंदी लिहून मग झोपतो. यूरिया टाकी असेल तर त्याच्या पाइपातला यूरियाही तो परत ओढून घेतो. चावी बंद केल्याबरोबर मेन तोडलात तर हे अर्धवट राहतं, यूरिया आत वाळून बसतो आणि दिवा लागतो. गाडीच्या पुस्तकात किती थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबून मगच फिरवा.

दहाचाकी यांना मात्र मी मेन सुचवणार नाही. केबिनखाली वाकून केबल पाहणाऱ्याला तो एका नजरेत सापडतो.

लोखंडी_फाळका

मी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) वापरतो. ट्रिमच्या मागे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी चिकटवलेली आहे, चावीच्या गुच्छातलं चुंबक बाहेरून तिथे टेकवायचं आणि बटण दाबायचं. बाहेरून काहीच दिसत नाही, भोक नाही, बटण नाही. पहिला रीड तीन आठवड्यांत चिकटून बसला, म्हणजे चुंबक नसतानाही सेल्फ लागायला लागला. रिलेच्या कॉइलवर डायोड नव्हता. दुसरा रीड आणि डायोड एकदमच टाकले, आता दोन वर्षं झाली. अधूनमधून चुंबक न लावता बटण दाबून बघतो, सेल्फ लागता कामा नये.

तांब्याची_तार

हे छान केलंत. आणि शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात घ्यावं. चोर स्विच बिघडून "सतत चालू" झाला तर गाडी नेहमीसारखी सुरू होते, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. याच कारणाने मी चोर स्विच प्लसच्या बाजूला घेतो, अर्थच्या नाही. अर्थच्या बाजूची वायर घासून बॉडीला लागली तर स्विच गुपचूप बायपास होतो. प्लसची घासली तर फ्यूज उडतो आणि तुम्हाला कळतं.

दहाचाकी

काल दिवसभर बसून काम केलं, सांगतो काय झालं ते.

चावीचा स्विच उघडला. अगदी तांब्याची_तार म्हणाले तसंच, पितळी पट्टीवर मुगाच्या दाण्याएवढा खड्डा आणि भोवती काजळी. जुनी ५० ची वायर दोन्हीकडून काढली. नवीन वायरी जुन्या रंगाच्याच घेतल्या आणि जुन्या वायरिंगसारखीच काळी कापडी टेप गुंडाळली, नाहीतर चकचकीत लाल वायरच चोराला वाट दाखवेल. केबिनच्या पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट घातला आणि सायलेन्सर, टर्बोपासून लांबून फिरवली.

सगळं जोडून बटण दाबलं तर रिले नुसता खर्र्र करत थरथरला, सेल्फ नाही. अर्धा तास डोकं खाल्लं. बॅटरीवर २५.२ व्होल्ट, ८६ वर २५ च्या आसपास, पण बटण दाबून ८५ ते बॅटरी मायनस मोजलं तर तिथेच अकरा व्होल्ट! ८५ ची अर्थ मी रंगवलेल्या पत्र्यावरच्या बोल्टला आवळली होती. बोल्ट काढला, खालचा रंग पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला, लग परत आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर काटा शून्यावरून हलेना. बटण दाबलं आणि सेल्फ असा फिरला की गाडी नवीन घेतली तेव्हाची आठवण झाली.

एक शंका आहे. इंजिन चालू असताना हात लागून बटण दाबलं गेलं तर? चावीत तरी एकदा सुरू झाल्यावर परत सेल्फ मारता येत नसे, आधी मागे आणावी लागे.

तांब्याची_तार

अर्थ शोधलीत ते उत्तम. मल्टिमीटर असाच चालू कामावर लावायचा असतो.

शंका अगदी योग्य. फिरत्या फ्लायव्हीलवर सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) जाऊन आदळलं तर दात उडतात, आणि रिंग गिअर बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. उपाय सोपा आहे. २४ व्होल्टचा एक छोटा पाच पिनी रिले घ्या. त्याची कॉइल अल्टरनेटरच्या डी-प्लसवर आणि अर्थवर, म्हणजे चार्जिंगच्या दिव्याची जी वायर आहे तिच्यावर. बटणाकडून स्टार्ट रिलेच्या ८६ ला जाणारी वायर तोडून या छोट्या रिलेच्या ३० आणि ८७-ए (रिले खेचलेला नसताना ३० ला जोडलेली पिन) मधून न्या. इंजिन बंद असताना डी-प्लसवर कॉइल खेचण्याएवढं व्होल्टेज नसतं, वाट मोकळी. इंजिन सुरू होऊन चार्जिंग लागलं की रिले खेचतो, वाट तुटते, बटण कितीही दाबा. चार्जिंगचा दिवा जुन्या बल्बचा असेल तर अडचण येत नाही. एलईडी लावला असेल तर आधी तपासा, अल्टरनेटर उशिरा उठू शकतो.

तरीही बटण गुडघा लागेल अशा जागी नको. आणि सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका. नाही घेतला तर मिनिटभर थांबा, सेल्फ थंड होऊ द्या.

निळी_केबिन

पण चोराने खाली घुसून सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर? किंवा ढकलून सुरू केली?

तांब्याची_तार

टेकवू शकतो, खोटं बोलणार नाही. ढकलूनही सुरू होईल, कारण पंपाला हात लावलेला नाही. त्यासाठी भरलेली दहा चाकी ढकलायला दुसरी गाडी लागते आणि आवाज होतो. स्क्रू ड्रायव्हरसाठी सोलेनॉइडच्या टर्मिनलवर जाड रबरी टोपी घाला आणि त्यावर पत्र्याचं कव्हर बोल्टने आवळा. बोल्ट वेगळ्या डोक्याचे घ्या, नेहमीच्या पान्याने न सुटणारे. चोराला पाच मिनिटं जास्त लागली की बहुतेक वेळा तो नाद सोडतो.

आणि दहाचाकी, स्विच कुठे बसवलात ते इथे लिहिलं नाहीत, बरं केलंत. कधीच लिहू नका. गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसत असेल तर फक्त त्याला सांगा, आणि विमा कंपनीला बदल कळवून ठेवा.

दहाचाकी

डी-प्लसचा रिले आज संध्याकाळी टाकला. बल्बच आहे दिवा. इंजिन चालू ठेवून पाच वेळा बटण दाबून पाहिलं, काही नाही. बंद करून दाबलं, लगेच घेतला. चोर स्विच बंद ठेवून दाबलं, शांत. सोलेनॉइडच्या कव्हरसाठी पत्रा कापून ठेवलाय, उद्या बसवतो. मनापासून आभार, तार भाऊ.