जुना नंबर जात नाही, सात आकडी डायलिंग जातं
अमेरिकेत नवा एरिया कोड (दहा आकडी नंबरातले पहिले तीन आकडे) आला की आपला नंबर बदलणार, ही एका ताईंनी मांडलेली भीती मनातून काढून टाका. न्यू जर्सीतल्या एडिसनचंच बघा. २००१ च्या डिसेंबरात ७३२ च्याच हद्दीत ८४८ आला, पण ७३२ वाल्यांचे नंबर जसेच्या तसे राहिले. हद्द तोडून दोन भाग केले असते नि एकाला नवा कोड दिला असता, तर अर्ध्या लोकांना पाट्या नि कार्डं नव्याने छापावी लागली असती. मात्र एकाच गल्लीत दोन कोड नांदायला लागले, की शेजारच्या घरीही नुसत्या सातांऐवजी एरिया कोडसकट दहा आकडे फिरवावे लागतात.

खरी काळजी यंत्रांची घ्या. तळघरातल्या अलार्मच्या डब्यात किंवा आजींच्या गळ्यातल्या मदतीच्या बटणात सात आकडी नंबर भरलेला असेल, तर ऐन वेळी फोन लागतच नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला मानसिक संकटातल्या मदतीच्या ९८८ या हेल्पलाइनसाठी ८२ एरिया कोडांत दहा आकडे सक्तीचे झाले. तिथे ९८८ ने सुरू होणारे स्थानिक नंबर होते, त्यामुळे तीन आकड्यांवर थांबायचं की पुढच्या चारांची वाट बघायची, हे एक्स्चेंजला कळलं नसतं. तुमच्याकडे नवा कोड येणार असेल तर आधीच अलार्मवाल्यांकडून चाचणी कॉल करून घ्या. ९११ हा आणीबाणीचा नंबर मात्र तीनच आकडी राहतो.