सगळी दुकानं पाठ, पण मांडवीचा चौक कागदावर येत नाही

रावपुरा_शिकवणी
बडोद्यातला, सातवीतला ऑटिस्टिक विद्यार्थी. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. उताऱ्यातली नावं, आकडे, तारखा अचूक सांगतो, पण ‘सारांश लिही’ म्हटलं की उतारा जवळपास जसाच्या तसा उतरवतो. जुन्या शहरातल्या मांडवी ते लहेरीपुरा दरवाजा रस्त्यावरची दुकानं ओळीने म्हणून दाखवतो. मांडवी मध्ये आणि तिथून चार रस्ते चार दरवाजांकडे, हा साधा नकाशा मात्र जमत नाही. शाळेचा शेरा आहे, ‘समग्र आकलनाचा अभाव’. खरंच अभाव असतो का? घरी काही करून बघता येईल का? आणि सारांश शिकवायचा कसा? पुढच्या महिन्यात सयाजीबागेतलं म्युझियम बघून दहा ओळी लिहायच्या आहेत.

पाणीगेट
शेरा जुन्या सिद्धांतावर बेतलेला दिसतो. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये मांडलं की सुटे तपशील एकत्र ओवून अर्थ लावण्याची ओढ ऑटिझममध्ये कमी असते. आधार होता १९८३ सालच्या लपलेल्या आकृत्यांच्या प्रयोगाचा. गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला त्रिकोण ऑटिस्टिक मुलं चटकन शोधत. पुढे १९९३ मध्ये अमिता शहा आणि फ्रिथ यांनी नमुना बघून ठोकळ्यांनी तशीच नक्षी जुळवायचं काम दिलं. नमुना आधीच तुकडे पाडून दाखवला की बाकीच्यांचा वेग वाढे. ऑटिस्टिक सहभागींना त्याचा फारसा फायदा होत नसे, कारण त्यांच्या नजरेत नमुना आधीच सुटा झालेला असे.

मात्र १९९९ मध्ये, छोट्या अक्षरांनी बनवलेलं मोठं अक्षर दाखवल्यावर, प्लेस्टेड आणि सहकाऱ्यांना दिसलं की ‘मोठ्या आकाराकडे बघ’ असं स्पष्ट सांगितल्यावर ऑटिस्टिक मुलं मोठा आकार इतरांसारखाच ओळखतात. काहीच न सांगितल्यास नजर बारीक आकाराकडे जाते आणि मोठ्यात चुका होतात. २००६ मध्ये हापे आणि फ्रिथ यांनी स्वतःच तपशिलाकडच्या या ओढीला कमतरतेपेक्षा विचारशैली म्हणणं पसंत केलं. ऑटिझमचे संशोधक लॉरेंट मोट्रॉन यांचं म्हणणं त्याहून पुढचं: तपशिलाची जाण सरस, पूर्णाची शाबूत. २०१५ च्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात पूर्ण चित्र जुळायला वेळ जास्त लागतो, एवढंच ठळकपणे निघालं.

म्हणून ‘अभाव’ खोडा आणि तिथे ‘न सांगता करत नाही, सांगितल्यावर सावकाश करतो’ असं लिहा. परीक्षेत जादा वेळ मागायलाही हेच वाक्य उपयोगी पडेल.

गेंडीगेट_वरून
घरी करून बघण्याबद्दल. छोट्या अक्षरांनी बनवलेलं मोठं अक्षर १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हन यांनी वापरलं होतं, तसंच घरी करता येईल. देवनागरी अक्षरं मात्र घेऊ नका. लहान अक्षरांच्या शिरोरेषा जुळून सलग रेघ होते आणि मोठा आकारच उठून दिसतो. आकडे घ्या: छोट्या ३ नी बनवलेला मोठा ७. ए-फोर कागदावर मोठा आकडा सुमारे १२ सेंमी, छोटे ६-७ मिमी, दोन छोट्यांमध्ये साधारण तेवढीच मोकळी जागा. फार दाटी झाली तर मोठाच दिसतो, फार विरळ झालं तर मोठा तुटतो.

आठ-दहा वेगवेगळे कागद करा. आधी नुसतं विचारा, ‘काय दिसतं?’ मग दुसऱ्या फेरीत ‘मोठा आकडा सांग’. दोन फेऱ्यांतला फरक बघायचा. पहिल्यात छोटे आणि दुसऱ्यात मोठे बरोबर आले, तर वर पाणीगेट म्हणतात तेच. यावरून निदान मात्र करू नका, ते तज्ज्ञांचं काम.

जरा_थांबा
एक सावधगिरीची सूचना. संशोधनात एकसारखं लिहून वेगळा उच्चार होणारे शब्द वाचायला देतात, कारण योग्य उच्चारासाठी पूर्ण वाक्याचा अर्थ लावावा लागतो. मराठीत ‘जग’ घ्या: ‘सारं जग फिरून आला’ आणि ‘चिंता सोड, मजेत जग’. मोहात पाडणारी चाचणी आहे, पण बडोद्यातल्या मुलावर वापरू नका. गुजरातीत हा दोन ‘ज’चा भेद नाही. गुजराती माध्यमातलं कुठलंही मूल दोन्ही ‘जग’ सारखेच वाचू शकतं, आणि आपण दोष ऑटिझमला देऊन मोकळे.

शिवाय सगळे ऑटिस्टिक लोक तपशिलापासूनच सुरू करतात असंही नाही. काहींना आधी नियम किंवा रचना दिसते आणि तपशील निसटतात. (आणि कृपया ‘स्वमग्न’ नको. तो शब्द निम्मं निदान चुकीचं करून ठेवतो.)

खंडेराव_मार्केट
सारांशाकडे येते. ‘महत्त्वाचं तेवढं लिही’ ही सूचनाच अर्धवट आहे. कोणासाठी महत्त्वाचं? ते सांगितलं नाही की सगळे तपशील सारख्याच तोलाचे ठरतात.

दोनशे शब्दांचा उतारा, १४-१५ चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. त्यांचे चार गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्याला तीन-चार शब्दांचं नाव आणि नावावरून एक वाक्य. झाला चार वाक्यांचा सारांश. हमखास होणारी चूक: सगळ्या तारखा एका गठ्ठ्यात, सगळे आकडे दुसऱ्यात. म्हणून पहिल्या दोन गठ्ठ्यांची नावं तुम्ही द्या, उरलेली दोन त्याला शोधू द्या. मग एकेक चिठ्ठी उचलून विचारा, ‘ही काढली तर गठ्ठ्याचं नाव बदलेल का?’ नाही म्हणाला तर ती सारांशात नको. इथे घाई केलीत तर पुन्हा पाठांतरच येईल.

नकाशाही तसाच, तुकड्यांतून. २० सेंमीच्या चार पट्ट्या, प्रत्येकीवर एका रस्त्यावरच्या पाच खुणा. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. चारही टोकं ‘मांडवी’ लिहिलेल्या चौकोनाला चिकटवा. आधी टेबलावर उत्तरेचा बाण काढा. प्रत्येक रस्ता तो चालत गेल्यासारखा आठवणार, त्यामुळे डावं-उजवं फिरतं.

म्युझियमला जायच्या आधी दालनांचे रिकामे चौकोन काढून द्या आणि प्रश्नही आधीच सांगा: ‘जो कधी आला नाही त्याला इथे कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत ते कळवायचंय.’ एका फेरीत तीनच दालनं. देवमाशाच्या सांगाड्यापाशी तो फासळ्या मोजत बसेल. बसू द्या, तो वेळ धरूनच निघा. ओळी घरी आल्यावर चौकोन समोर ठेवून.

रावपुरा_शिकवणी
खंडेरावताई, चिठ्ठ्या आजच करून पाहिल्या. गठ्ठे झाले, नावंही दिली. पण एकही चिठ्ठी बाजूला काढू देत नाही. काढली की रडकुंडीला येतो.

खंडेराव_मार्केट
‘काढ’ म्हणू नका. ती गोष्ट खरी आहे, मग काढायची का, असं त्याला वाटत असणार. पाकीट ठेवा, वर लिहा ‘विचारलं तर सांगेन’, आणि चिठ्ठ्या त्यात जाऊ द्या. सारांश वाचून झाला की पाकिटातल्या दोन चिठ्ठ्यांवर मुद्दाम प्रश्न विचारा. नाहीतर पुढच्या वेळी पाकिटावर विश्वास बसणार नाही.