पहिलाच ट्रॅक डे आहे, टायर वॉर्मर घ्यावेत का? (ड्यूक ३९०, चेन्नई)

कात्रज_टॉप

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत चेन्नईच्या ट्रॅकवर म्हणजे इरुंगट्टुकोट्टईला एमएमआरटीवर (मद्रास मोटर रेस ट्रॅक) ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, बुक केलाय, आयुष्यातला पहिलाच. गाडी ड्यूक ३९०, जुनं मॉडेल, टायर रस्त्याचेच पण रेडियल आणि गेल्या वर्षी बदललेत. तर झालंय असं की आमच्या रविवारच्या ताम्हिणी ग्रुपमधे एकजण टायर वॉर्मरची (टायरभोवती गुंडाळून तो तापवायची विजेची ब्लँकेटं) जोडी विकतोय, बाहेरून मागवलेली, पंचवीस हजार म्हणतोय, आणि तो आणि त्याचे दोन दोस्त मिळून मला सांगतायत की वॉर्मरशिवाय गेलास तर पहिल्याच वळणाला लोळशील, गार टायरवर ट्रॅकला कोण उतरतं वगैरे. वर चाकं उचलून धरायला दोन पॅडॉक स्टँड लागणार ते वेगळेच.

माझं बजेट सगळं मिळून चाळीस हजार, त्यात लेदर सूट भाड्याने घ्यायचा विचार आहे. हवा किती ठेवायची तेही सांगा, तिथे प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगतोय. गाडीवर अजून काय काय काम करून घेऊ? आणि पुण्याहून गाडी कशी नेता तुम्ही लोकं?

पिटलेन_वाला

मित्रा, नको घेऊस. पैसे खिशात ठेव.

वॉर्मर कशासाठी असतात ते आधी समजून घे. स्लिक (खाचा नसलेला रेसचा टायर) किंवा रेस कंपाउंडचं रबर गार असताना अक्षरशः प्लास्टिकसारखं वागतं, ते ७०-८० डिग्रीच्या आसपास गेल्यावरच खरं पकडतं. आणि नुसता वरचा थर तापून उपयोग नसतो, आतलं कारकस म्हणजे टायरचा सांगाडा पण तापावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून तास दीड तास आधी ब्लँकेट गुंडाळून ठेवतात. तुझा टायर मुळात सकाळी सातला कामावर जाताना, पावसात, वाळूवर चालेल असा बनवलाय. तो गार असतानाही बऱ्यापैकी पकडतो आणि ट्रॅकवर दोन लॅपमधे त्याच्या कामाच्या तापमानाला येतो. एमएमआरटीचा एक लॅप ३.७ किलोमीटरचा आहे, म्हणजे सव्वासात साडेसात किलोमीटर तू शहाण्यासारखा चालवलास की झालं. फेब्रुवारीत अकरा वाजता तिथल्या डांबरावर हात टेकवून बघ, मग वॉर्मर कुणी विकायला आला तर हसशील.

अजून एक गोष्ट हे विकणारे सांगत नाहीत. समजा तू ८० डिग्रीचा टायर घेऊन बाहेर पडलास आणि नवीन असल्यामुळे तिसऱ्या गियरमधे हळूहळू वळणातली योग्य लाइन शोधत फिरतोयस, तर तो टायर तापलेला राहणारच नाही, तुझा वेग जेवढी उष्णता तयार करतो तेवढ्यावर येऊन थांबणार. वर तुझ्या डोक्यात मात्र टायर गरम आहेत, म्हणून तू बिनधास्त. हे जास्त धोक्याचं.

टायर तापवायला ते डावीकडे उजवीकडे नागमोडी करत बसू नकोस, टीव्हीवर बघून सगळे करतात. टायर तापतो तो दबल्याने आणि ताणल्याने, म्हणजे गाडी सरळ असताना जोरात पण स्मूथ ब्रेक, आणि वळणातून बाहेर पडल्यावर सरळ होऊन थ्रॉटल. पहिल्या लॅपला हेच कर, झुकणं तिसऱ्या लॅपपासून.

हवेचं म्हणशील तर गार आणि गरम हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक त्यांची मिसळ करतात. सकाळी ३० डिग्रीला तू २८ पीएसआय भरलीस आणि टायर वॉर्मरने ८० ला नेला तर तीच हवा ३५ च्या आसपास दाखवेल, हवा कुठून आली नाही, फक्त तापली. त्यामुळे कुणी २२ म्हणाला की आधी विचार, कुठल्या टायरला आणि गार की गरम. स्लिकवाल्याचा आकडा ऐकून रस्त्याच्या टायरमधली हवा काढणारे दरवेळी दिसतात आणि मग गाडी पुढून डुलते म्हणून सस्पेन्शनला शिव्या घालतात. तू कंपनीच्या आकड्याने सुरुवात कर, सेशन संपवून पिटमधे आलास की हेल्मेट काढायच्या आधी गेज लाव, आकडा टाकीवर टेप चिकटवून लिहून ठेव. फार चढली असेल तर एकेक पीएसआय कमी. गेज मात्र स्वतःचं आण, पेट्रोलपंपाचं नको.

आता पैसे कुठे घालायचे. आधी पोटोबा मग विठोबा, म्हणजे आधी ब्रेक. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. रस्त्यावर तुला कधी कळणार नाही, ट्रॅकवर तिसऱ्या चौथ्या लॅपला लिव्हर थेट ग्रिपला येऊन टेकतो तेव्हा कळतं. म्हणून नवीन फ्लुइड, पुढचे पॅड नवीन, जुने बॅगेत. चेनचा ढिलेपणा बघ, हँडल ज्यावर फिरतं ते हेड बेअरिंग बघ, थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून बंद होतो का बघ. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, दुकानदाराने नवीन म्हणून जुना माल दिला नाही ना ते कळेल. पंक्चरची गुंडी मारलेला टायर असेल तर नेऊच नकोस. आरसे काढ, दिव्यांना टेप. कूलंट बऱ्याच ठिकाणी काढायला लावतात कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागच्याची वाट लागते, तर आयोजकांना विचारून साधं डिस्टिल्ड पाणी भर, आणि परत आल्यावर कूलंट भरायला विसरू नकोस.

लिटरक्लास

वरच्यांचं ड्यूकसाठी बरोबर आहे पण वॉर्मर म्हणजे नुसती शायनिंग असा अर्थ कुणी काढू नये राव. मी हजार सीसीच्या गाडीवर सुपरकोर्सा एससी हा रेसचा टायर वापरतो, तो टायर वॉर्मरशिवाय घेऊन जाणं म्हणजे वेडेपणा आहे. बुद्ध सर्किटला जानेवारीत सकाळचं पहिलं सेशन करून बघा, ग्रेटर नोएडात धुकं, आठ दहा डिग्री, आणि समोर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. त्या पट्ट्यावर वाऱ्याने पुढचा टायर उलट गार होतो आणि शेवटी कचकचून ब्रेक मारायचा असतो.

शिवाय क्लॉकवाइज ट्रॅकला उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची उजवी बाजू तापलेली आणि डावी त्यामानाने गारच. बरेच लोक सकाळच्या सेशनला डाव्या वळणाला पडतात ते ह्यामुळे, आणि पडल्यावर म्हणतात काहीच केलं नव्हतं हो मी. हे वॉर्मर नसणाऱ्यानेही ध्यानात ठेवावं.

वॉर्मर वापरायचेच तर एकदा लावले की लावून ठेवायचे, दोन सेशनच्या मधेही, परत आल्याबरोबर गुंडाळायचे. दर तासाला पूर्ण गार आणि परत ८० असं केलं की रबर कडक होत जातं, टायर दिसायला नवा आणि पकड गेलेली. आणि सेन्सरवाला भाग टायरला चिकटून बसला पाहिजे. तो हवेत लोंबत राहिला की कंट्रोलरला वाटतं अजून गारच आहे आणि बाकीचा टायर भाजून निघतो.

फ्यूज_उडाला

टायरमधलं मला फार कळत नाही, मी मित्रांबरोबर मेकॅनिक म्हणून जातो, पण विजेचं सांगतो. जोडी बाहेरून मागवलेली म्हणालात ना, मग आधी लेबल वाचा. अमेरिकेतला माल ११० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० वर लावला तर चौपट पॉवर ओढतो, पाच मिनिटांत वास यायला लागेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण तेवढ्या वॅटचा म्हणजे धोंडा असतो, तो चेन्नईपर्यंत वाहणार कोण.

२३० ची असेल तर जोडी साधारण ८०० वॅट धरा, साडेतीन अँपिअर, त्यात काही विशेष नाही. पण एकाच बोर्डावर तीन जणांचे वॉर्मर, एक पंखा, कॉम्प्रेसर आणि सगळ्यांचे मोबाईल असं असतं आणि वायरची रील गुंडाळलेलीच ठेवतात. गुंडाळलेली रील आतून तापते आणि वितळते, पूर्ण सोडून ठेवायची. पॉइंट मिळेल का आणि किती अँपिअरचा हे आयोजकांना आधीच विचारा. जनरेटर नेणार असाल तर तोही टायरपासून आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब.

गियर_दोन_अडीच

कात्रज टॉप, गाडीचं सगळे सांगतायत, तुमचं स्वतःचं कोण बघणार? माझा अनुभव असा की दुपारनंतर टायर नाही, माणूस संपतो. २०२३ ला बुद्धवर मोटोजीपी झाली तेव्हा उन्हामुळे मुख्य रेस २४ वरून २१ लॅपवर आणली होती, तरी दुसरा आलेला होर्हे मार्टिन गाडीवरून उतरल्यावर कोसळला, डिहायड्रेशन. तो व्यावसायिक खेळाडू, आपण ऑफिसात बसणारे. आदल्या दिवसापासून पाणी प्या, ओआरएसची पाकिटं न्या, दुपारी तिथे बिर्याणी दिसली तरी भरपेट जेवू नका. आणि थकवा जाणवला की शेवटचं सेशन सरळ सोडा, पैसे भरलेत म्हणून जाऊ नका. शेवटच्या सेशनला पडणारे बघितलेत मी.

सूट भाड्याने घ्या पण आधी घालून बघा, गाडीवर बसून. उभं राहिल्यावर किंचित आखडलेला वाटला तर तो बरोबर. टू पीस असेल तर कंबरेला पूर्ण गोल झिप हवी, मागे दोन इंचाची असते ती चालत नाही. बॅक प्रोटेक्टर वेगळा विकत घ्या, तो रोजच्या राइडला पण होतो. ग्लोव्हज मनगटाच्या वर जाणारे. सूटच्या आत घालायला पातळ इनर, नाहीतर घामाने लेदर असं चिकटतं की दुसऱ्या सेशनला सूट चढवायला दोन माणसं लागतात.

अजून एक, इन्शुरन्सची पॉलिसी उघडून वाचा. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग असल्या वापराला कव्हर नाही असं लिहिलेलंच असतं. तिथे गाडी मोडली तर खर्च तुमचा असं धरूनच चाला.

कात्रज_टॉप

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. फ्यूज दादा, त्याला लेबलचा फोटो मागितला तर आधी टाळाटाळ, मग पाठवला, ११०-१२० व्होल्ट लिहिलंय चक्क 😂 म्हणतोय चालतं रे भाई ॲडॅप्टर लावून. त्याला नाही म्हणून टाकलं.

गियर ताई, बॅक प्रोटेक्टर लेव्हल १ घेऊ की २ (संरक्षणाचा दर्जा)? आणि गाडी नेण्याचं कुणीच बोललं नाही, चालवत नेऊ का? बाराशे किलोमीटर आहे, दोन दिवसात होईल.

गियर_दोन_अडीच

लेव्हल २. किमतीत फार फरक नाही आणि धक्का कमी पोचतो.

पिटलेन_वाला

चालवत जाऊ नकोस. बाराशे किलोमीटर सरळ हायवेवर मागचा टायर मधोमध सपाट करून घेणार, दमलेला पोचणार, आणि ट्रॅकवर काही तुटलं तर परत कशाने येणार? रेल्वे पार्सलने टाक नाहीतर चार पाच जण मिळून टेम्पो करा, चाकण भोसरीतून जाणारे मिळतात, पुढचं चाक नीट बांधून घे आणि हँडलच्या टोकांना गोणपाट. पार्सलला टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची आणि आधारची झेरॉक्स दोन दोन प्रती ठेव. निदान तीन चार दिवस आधी टाक, गाडी वेळेत चढेलच असं नसतं. टाकी रिकामी असणार तेव्हा तिथे उतरल्यावर पेट्रोल कुठून आणणार ते पण ठरवून ठेव, कॅनमधे द्यायला सगळे पंप तयार नसतात.