तळघरात पाणी झिरपते: आतून लेप द्यावा की बाहेरून खणावे?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. आमचे घर अमळनेरला असून, २०११ साली बांधताना वडिलांच्या आग्रहाने खाली बारा बाय अठरा फुटांचे आणि आठ फूट खोल तळघर काढले होते. भिंती नऊ इंची पक्क्या विटांच्या असून तळाला चार इंच काँक्रीट आणि त्यावर फरशी आहे. वर्षभराची दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू आम्ही तिथेच ठेवतो. सुरुवातीची बरीच वर्षे काहीच त्रास नव्हता, परंतु गेल्या तीन पावसाळ्यांत भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी येऊ लागले आहे, भिंतीला गुडघ्यापर्यंत खार फुटतो आणि मागच्या ऑगस्टमध्ये चार पोती दादर खालून बुरसली. एक गवंडी म्हणतो की आतून वॉटरप्रूफिंगचा लेप दिला की दोन दिवसांत काम संपेल. दुसरा बाहेरून पायापर्यंत खणायला सांगतो आणि त्याचा खर्च कितीतरी पट आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे, बांधकाम अभियंता)

लेप की खोदकाम हे ठरवण्याआधी पाणी नेमके केव्हा येते ते सांगा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. पाऊस पडल्यावर तासाभरात येत असेल तर ते गच्चीचे किंवा अंगणाचे पाणी आहे. पाऊस उघडल्यावरही आठवडाभर झिरपत राहत असेल तर जमिनीतील पाण्याची पातळी वर आलेली आहे. आणि उन्हाळ्यातही ओल असेल तर नळाची वाहिनी किंवा जमिनीतील टाकी तपासावी. टाकीसाठी रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि सकाळी पाहावे, इतके पुरते.

आपल्याकडील काळ्या जमिनीचा स्वभावही लक्षात घ्या. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिंतीलगतची माती भिंतीपासून सुटते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरतो. पुढे माती फुगून फट मिटते, पण आत गेलेले पाणी तिथेच अडकते. फुगलेली माती भिंतीला ढकलतेही, म्हणून भिंतीच्या मधल्या उंचीवर आडवी भेग दिसते का, हे आधी पाहा. दिसल्यास हा प्रश्न ओलीचा राहिला नाही, भिंतीच्या मजबुतीचा झाला, आणि मग प्रत्यक्ष पाहणीशिवाय कोणीही सल्ला देऊ नये.

प्रश्नकर्ता

आडवी भेग नाही. जूनमध्ये अर्ध्या तासात उत्तरेच्या भिंतीकडून पाणी आले आणि गच्चीचा पावसाळी पाइप त्याच बाजूला भिंतीच्या बुडाशी मोकळा सोडलेला आहे, हे आपण विचारल्यावरच ध्यानात आले. तीन वर्षांपूर्वी शोषखड्डा बुजवून त्यावर ओटा केला, तेव्हापासून पाइप तसाच आहे. ऑगस्टमध्ये मात्र चारही बाजूंनी संथ झिरपते.

उत्तर (धुळे, बांधकाम अभियंता)

मग अर्धे उत्तर तुम्हीच दिलेत. पाइपचे पाणी बंद नळीतून घरापासून दूर, उताराच्या बाजूला न्या, आणि घराभोवती किमान तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा मीटरमागे दोन सेंटिमीटर बाहेरच्या उताराने घालून भिंतीलगतचा सांधा डांबरी मसाल्याने भरा. पांझरा नदीकाठी फड पद्धतीने, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांच्या गटांना देऊन, पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ उताराच्या बळावर शेते भिजवली गेली. घराभोवती मात्र आपण उतार विसरतो.

केवळ आतल्या लेपाला माझा विरोध आहे आणि त्याला हिशेब आहे. बाहेरचे पाणी फरशीच्या दोन फूट वर उभे राहिले, तर तळावर दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो दाब वरच्या दिशेने येतो. तुमच्या चार इंची काँक्रीटचे वजन तेवढ्याच जागेत जेमतेम २४० किलो. आज सांध्यातून पाणी येते म्हणून तो दाब मोकळा होतो. सांधा पक्का बंद केलात तर फरशी मधोमध उचलली जाऊन तडकू शकते. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारी रसायने चांगली असली तरी विटांच्या भिंतीवर त्यांचा भरवसा धरू नये.

उत्तर (जळगाव, बांधकाम ठेकेदार)

वरील मताशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. बाहेरून खणायचे ठरलेच तर लोक हमखास एक चूक करतात: काळी माती काढून चरात मुरूम भरतात आणि निश्चिंत होतात. सभोवती चिकणमाती आणि मध्ये मुरूम, म्हणजे घराला चिकटून आपणच विहीर खोदली असे होते. चराच्या तळाशी भोके असलेला पाइप, त्याभोवती धुतलेली खडी आणि गाळ अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड हवेच, आणि पाइपमधील पाण्याला जायला वाट हवी. तुमच्या गल्लीतील गटार तळघराच्या फरशीपेक्षा नक्कीच वर असणार, त्यामुळे ते पाणी खड्ड्यात गोळा करून आपोआप चालू होणाऱ्या पंपाने उपसावे लागेल. पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उपसलेले पाणी उलट येऊ न देणारी झडप) आणि इन्व्हर्टरची जोड द्या. जोराच्या पावसातच वीज जाते, हे खानदेशात वेगळे सांगायला नको.

खोदकाम एप्रिल-मेमध्येच करावे, आणि एका वेळी सहा-सात फुटांहून लांब चर उघडू नये. खोल चरात मातीला आधार दिल्याशिवाय मजूर उतरवू नयेत. नवीन तळघर असते तर तळाला आणि भिंतींना बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करून घ्या असे सांगितले असते. उभ्या घराला आता ते जमणार नाही.

उत्तर (पारोळा)

आमचे जुने तळघर दगड-चुन्याचे आहे. ओल थांबावी म्हणून आतून सिमेंटचा गिलावा केला, तर कोंडलेली ओल वर चढून माजघराच्या भिंतीला खार फुटला. शेवटी गिलावा फोडून पुन्हा चुन्याचा केला. तुमच्या भिंती विटांच्या आहेत, तरी ओल वर चढते का, यावर लक्ष ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. या महिन्यात पाइप वळवून घराभोवती पट्टा घालतो आणि एक पावसाळा नोंद ठेवतो. ऑगस्टची झिरप तरीही राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात चर आणि पंप करीन. तोवर दादर वरच्या खोलीत हलवली आहे.

उत्तर (जळगाव, बांधकाम ठेकेदार)

क्रम योग्य आहे. नोंद ठेवताना पावसाचा दिवस आणि तळघरातील पाण्याची उंची दोन्ही लिहा, म्हणजे पंप केवढा लागेल ते त्यावरूनच ठरवता येईल.