सर्व्हिसिंगमध्ये दाराखालची कड वाकली: जबाबदारी कोणाची?

प्रश्न: सर्व्हिसिंगहून आलेली गाडी धुताना असे दिसले की मागच्या दाराखालच्या पत्र्याची कड आत दुमडली असून तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, ‘हे आधीचेच असेल.’ आता काय करावे?

उत्तर १: ताज्या ओरखड्यात पत्रा चकचकीत दिसतो, जुन्यात तांबूस गंज असतो, तेव्हा पाणी लागण्यापूर्वीच जवळून फोटो काढायला हवे होते, पण आताही काढाच. जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, गाडी ताब्यात घेतानाच्या ओरखड्यांची नोंद असते. त्यात ही कड नसेल तर त्याच आधारे लेखी तक्रार द्यावी. तोंडी बोलणे हवेत विरते.

उत्तर २: जॅक लावण्याच्या मजबूत जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या असतात. सर्व्हिसिंगसाठी गाडी उचलणाऱ्या लिफ्टचा हात तिथून सरकला, किंवा रबरी पॅड न ठेवताच गाडी उचलली, तर सारा भार पातळ कडेवर येतो. किंचित वाक सहसा धोकादायक नसतो. उघडा पत्रा मात्र गंजतो, म्हणून कड सरळ करून प्रायमर आणि रंग लावून घ्यावा.

उत्तर ३: गाडी इलेक्ट्रिक असल्यास खालच्या बॅटरीच्या कवचाला पोचा आला आहे का, हे आधी तपासून घ्यावे, तिथे चालढकल नको.