क्यूआर कोणाच्या खात्याचा?

*भाऊकाका (मालवण):* बाजूच्या वाडयेतलां वकील चेडू विधानसभेक अपक्ष उभां रवता. पाठी पक्ष नाय. लोकांकडे शंभर-पाचशे मागता. मी दोन हजार धाडलंय. क्यूआर खाली टाकतंय, जमात तसां द्या.

*दादा (मस्कत):* काका, माझे पाच हजार. दिल्लीत २०२५ ला तेव्हाच्या मुख्यमंत्री आतिशींनी असेच ऑनलाइन मागितले होते, बरोबर ४० लाख. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादाच तेवढी.

*धाकटी (लंडन):* माझे पण घ्या.

*आत्या (रत्नागिरी):* थांबा रे, कुणी काही पाठवू नका. भाऊ, तो क्यूआर मी स्कॅन करून बघितला. तिचं नाव येत नाही, कुणा मुलाचं येतंय.

*भाऊकाका:* तो तिचो कार्यकर्तो गो ताई. चांगलो झील आसा.

*आत्या:* चांगला असेलच. पण उद्या अडकेल ती पोरगी. अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उमेदवाराला निवडणूक खर्चाचं वेगळं खातं उघडावं लागतं, एकटीच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर. नवऱ्याबरोबरचं खातं चालत नाही, तो प्रतिनिधी असेल तरच. देणगी तिथेच यायला हवी आणि खर्च तिथूनच व्हायला हवा. स्वतःचे पैसे घालायचे तरी आधी त्या खात्यात भरायचे. मंडपवाला असो की रिक्षावाला, एकाला सगळ्या निवडणुकीत मिळून १० हजारांच्या वर रोख देता येत नाही. मग त्या मुलाच्या खात्यात पडलेले तुझे दोन हजार ती कुठे दाखवणार? निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तो नीट दिला नाही तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मी बँकेत काउंटरवर बसले आहे, दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू. म्हणून जीव तुटतो.

*धाकटी:* आत्या, मी तिच्याच खात्यात पाठवले तर?

*आत्या:* तुझे नाही चालणार बाळा. तुझा पासपोर्ट आता ब्रिटिश. ओसीआय कार्ड, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, असलं तरी २०१० च्या विदेशी देणग्यांच्या कायद्यात तू परदेशी, आणि उमेदवाराला परदेशी पैसा घेताच येत नाही. दादाचा पासपोर्ट भारतीय आहे. त्याच्या पगारातले पैसे बँकेमार्फत आले तर चालतील.

*धाकटी:* जन्म मालवणचा, आणि शंभर रुपयेही नाही?

*आत्या:* मलाही वाईट वाटतं. पण हा नियम मला पटतो. बाहेरचा पैसा मोकळा सोडला तर तो आपल्या वाडीतल्या मुलीकडे येणार नाही गं.

*वैनी (देवगड):* ह्यांचे मित्र स्वतःच्या खर्चाने तिची पोस्टरं छापतायत. ते तरी ठीक ना?

*आत्या:* तिची लेखी परवानगी आहे का? नसेल तर छापून घेणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. असेल तर तो खर्च तिच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरतात. शिवाय पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

*दादा:* आणि पक्षवाल्यांना?

*आत्या:* उमेदवाराला मर्यादा तीच. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. सर्वसाधारण प्रचार, स्टार प्रचारकांचा प्रवास, हे उमेदवाराच्या खर्चात येत नाही. नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, अपक्षाला दिलेल्या नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं. म्हणून तर तुमचे शंभर-पाचशे तिच्यापर्यंत पोचायला हवेत, आणि चोख पोचायला हवेत.

*भाऊकाका:* ताई, तिका फोन केलंय. खाता कालच उघडल्यान. तो झील सगळ्यांचे पैसे परत करता. ह्यो नवो क्यूआर, तिच्याच नावाचो. माझे दोन हजार परत इले, ते आता हडे धाडलंय.

*आत्या:* बघितला. नाव बरोबर येतंय. माझे एक हजार गेले. दादा, आता पाठव. आणि भाऊ, तिने हिशोब दिला की मी ओरोसला, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात येणार आहे. एक रुपया फी भरली की कुणालाही तो बघता येतो.

*भाऊकाका:* मी पण येतंय. पैल्या यष्टीन जावया.